उत्क्रांती जीवशास्त्राचे धडे आणि सागरी सुरक्षा : रायगड किनाऱ्याच्या संदर्भात

सारांश

सजीवसृष्टी कोट्यवधी वर्षे अनिश्चित धोक्यांच्या सान्निध्यात टिकून राहिली आहे. धोक्याचे अचूक भाकीत करून नव्हे, तर बदलत्या परिस्थितीशी जुळवून घेऊन तिने हे साधले. प्रस्तुत लेखात उत्क्रांती जीवशास्त्रातील अनुकूलन, सहउत्क्रांती, अनुकृती, सहजीवन आणि विकेंद्रित संवेदन या संकल्पनांच्या आधारे रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील १९९३ ते २०२५ या काळातील सुरक्षाविषयक अनुभवांचा विचार केला आहे. किनाऱ्याची सुरक्षा उपकरणांच्या संख्येपेक्षा किनाऱ्यावरील माणूस आणि शासन यांच्यातील विश्वासाच्या दर्जावर अधिक अवलंबून असते, हे या विवेचनातून स्पष्ट होते.

बीजशब्द : नैसर्गिक निवड, सहउत्क्रांती, अनुकृती, सहजीवन, सागरी सुरक्षा, मच्छीमार समाज.

१. प्रस्तावना

सुरक्षा हा विषय सामान्यतः संरक्षणशास्त्र, राज्यशास्त्र आणि पोलीस प्रशासन यांच्या कक्षेतील मानला जातो. जीवशास्त्राचा त्याच्याशी संबंध असू शकतो, ही कल्पना प्रथमदर्शनी विसंगत वाटते. परंतु शत्रूपासून बचाव, फसवणूक ओळखणे, मर्यादित साधनसंपत्तीत पहारा ठेवणे आणि अनपेक्षित आघातानंतर पुन्हा उभे राहणे हे प्रश्न केवळ मानवाचे नाहीत. शिंपल्यापासून लंगुरापर्यंत प्रत्येक सजीवाला ते सोडवावे लागले आहेत. ज्या जातींना ते सुटले नाहीत त्यांतील पुष्कळशा आज केवळ जीवाश्मांच्या रूपाने उरल्या आहेत.

या दृष्टीची पद्धतशीर मांडणी करण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात अमेरिकी सागरी परिस्थितिकीतज्ज्ञ रॅफ सॅगरिन यांच्याकडे जाते. भरती-ओहोटीच्या दरम्यानच्या खडकाळ पट्ट्यातील जीव हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. ११ सप्टेंबर २००१ नंतरच्या काळात वॉशिंग्टनमध्ये काम करताना त्यांनी वाढत जाणारे अडथळे, तपासणी-दारे आणि पहारेकरी पाहिले. अशी व्यवस्था स्थिर असते आणि स्थिर व्यवस्थेचे निरीक्षण करून तिला वळसा घालणे प्रतिपक्षाला सोपे जाते, हे त्यांच्या ध्यानात आले. टेरेन्स टेलर यांच्यासमवेत त्यांनी संपादित केलेला ‘नॅचरल सिक्युरिटी’ हा ग्रंथ २००८ मध्ये, तर ‘लर्निंग फ्रॉम द ऑक्टोपस’ हा त्यांचा स्वतंत्र ग्रंथ २०१२ मध्ये प्रकाशित झाला. २००८ हेच वर्ष मुंबईवरील सागरी मार्गाने झालेल्या हल्ल्याचे आहे. त्यामुळे या विचाराची कसोटी कोकण किनाऱ्यावर, विशेषतः रायगडच्या किनाऱ्यावर घेणे उद्बोधक ठरते.

२. रायगड किनाऱ्याचे स्वरूप

उत्तरेस उरणपासून दक्षिणेस सावित्री नदीच्या मुखाशी असलेल्या हरिहरेश्वरपर्यंत पसरलेला हा किनारा सरळ रेषेत नाही. धरमतर, रेवदंडा, राजपुरी आणि बाणकोट या खाड्यांनी तो ठिकठिकाणी खोलवर कापला गेला आहे. खाड्यांच्या काठी कांदळवने, मधूनमधून पुळणी, खडकाळ भूशिरे आणि खांदेरी, उंदेरी, कुलाबा, जंजिरा यांसारखे जलदुर्ग अशी त्याची रचना आहे. न्हावा शेवा येथील बंदर, उरण येथील तेल व वायू प्रकल्प आणि थळ येथील खत कारखाना यांमुळे त्याचे आर्थिक महत्त्व मोठे आहे. मुंबई तर समोरच आहे.

अशा किनाऱ्यावर भिंत बांधता येत नाही. कितीही गस्ती नौका ठेवल्या, तरी प्रत्येक खाडीच्या मुखावर अहोरात्र पहारा ठेवणे शक्य नसते. हा अनुभव नवा नाही. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरी बेटावर किल्ला बांधण्याचे काम हाती घेतले, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी मोठी जहाजे आणून बेटाची नाकेबंदी केली. उथळ पाण्यात सहज फिरणाऱ्या लहान होड्या रात्रीच्या अंधारात किनाऱ्यावरून निघत, नाकेबंदीतून निसटत आणि रसद पोहोचवून परत येत. अखेर इंग्रजांना माघार घ्यावी लागली. स्थानिक वारा, भरती आणि खडक यांचे ज्ञान असलेली लहान नौका अवजड जहाजाला चकवू शकते, हा धडा या पाण्याने तीन शतकांपूर्वीच दिला होता. विसाव्या शतकाच्या अखेरीस तेच ज्ञान विघातक हेतूसाठी वापरले गेले.

३. १९९३ : जुन्या वाटेचा नवा उपयोग

१२ मार्च १९९३ रोजी मुंबईत झालेल्या बॉम्बस्फोटांच्या मालिकेत २५७ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यासाठी लागणारी शस्त्रे आणि आरडीएक्स ही स्फोटके त्या वर्षीच्या जानेवारी व फेब्रुवारी महिन्यांत रायगड जिल्ह्यातील दिघी आणि श्रीवर्धन तालुक्यातील शेखाडी येथे उतरविण्यात आली होती. ही वाट त्या कटासाठी नव्याने निर्माण झालेली नव्हती. सोने-चांदीच्या तस्करीसाठी ती आधीपासून रुळलेली होती. माल उतरविणारे हात, वाहने, साठवणुकीच्या जागा आणि डोळेझाक करणारे काही शासकीय सेवक ही साखळी तयारच होती.

उत्क्रांती जीवशास्त्रात या प्रक्रियेला समांतर संकल्पना आहे. स्टीफन जे गूल्ड आणि एलिझाबेथ व्रबा यांनी १९८२ मध्ये असे प्रतिपादन केले, की एका कार्यासाठी विकसित झालेली रचना पुढे सर्वस्वी वेगळ्या कार्यासाठी वापरली जाऊ शकते. पिसांचा प्रारंभ उड्डाणासाठी झाला नाही. ऊब राखणे हे त्यांचे एक आद्य कार्य असावे, आणि उड्डाणाचा उपयोग नंतर आला. याच न्यायाने चांदीची वाट स्फोटकांची वाट झाली. यातून निघणारा निष्कर्ष गंभीर आहे. किरकोळ समजून दुर्लक्षिलेली बेकायदा व्यवस्था कधीही ‘किरकोळ’ नसते. ती एक तयार रचना असते, आणि तिचा पुढील उपयोग कोण करील हे ती चालू देणाऱ्यांच्या हाती राहत नाही.

दुसरा मुद्दा सहजीवनातील फसवणुकीचा आहे. जानेवारी १९९३ मध्ये दिघी येथे उतरलेला माल घेऊन जाणारी वाहने गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडविली होती. परंतु लाच घेऊन ती सोडून देण्यात आली, हे पुढे न्यायालयात सिद्ध झाले. टाडा न्यायालयाने २००६-०७ मध्ये दोषी ठरविलेल्या शंभर व्यक्तींमध्ये पोलीस आणि सीमाशुल्क खात्यातील सेवकांचाही समावेश होता. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१३ मधील निकालात या यंत्रणांच्या अपयशावर कठोर भाष्य केले. म्हणजेच संवेदन झाले होते, धोका हाताशी आला होता. पण प्रतिसाद विकला गेला.

प्रवाळ भित्तींवरील सफाई मासा मोठ्या माशांच्या अंगावरील परजीवी खातो आणि उभयतांचा लाभ होतो. संधी मिळाल्यास मात्र हा मासा परजीवींऐवजी ग्राहक माशाच्या त्वचेवरील पौष्टिक श्लेष्माच ओरबाडतो. अभ्यासकांना असे आढळले, की इतर ग्राहक मासे पाहत असताना ही फसवणूक कमी होते. सहकार्य सद्गुणावर सोपवून टिकत नाही. निरीक्षण आणि पर्याय यांमुळे टिकते. गोंडघर फाट्यावरील वाहने एकाच पथकाच्या निर्णयावर अवलंबून होती. परस्परांपासून स्वतंत्र असे दोन किंवा तीन स्तर असते, एकाची माहिती दुसऱ्याला आपोआप मिळत असती, तर एका स्तराची विक्री संपूर्ण व्यवस्थेची विक्री ठरली नसती. प्रशासन ज्याला अनावश्यक पुनरावृत्ती मानते, ती जीवसृष्टीत बहुधा विम्याचे कार्य करते.

४. २००८ : अनुकृती आणि ओळखीच्या खुणा

१९९३ च्या अनुभवानंतर महाराष्ट्र व गुजरातच्या किनाऱ्यांवर नौदल, तटरक्षक दल आणि राज्य यंत्रणा यांची संयुक्त गस्त ‘ऑपरेशन स्वॉन’ या नावाने सुरू झाली. २००५ मध्ये केंद्र शासनाने किनारी सुरक्षा योजनेचा पहिला टप्पा मंजूर केला. परंतु प्रतिपक्षही दरम्यान बदलत होता. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईत आलेल्या दहा हल्लेखोरांनी खोल समुद्रात ‘कुबेर’ ही गुजरातमधील मासेमारी नौका बळकावली, तिच्यावरील खलाशांना व तांडेलाला ठार केले आणि भारतीय मच्छीमारांच्या वेषात मुंबईपर्यंतचे अंतर कापले. त्या हल्ल्यात १६६ व्यक्तींचा बळी गेला.

अमेरिकी जीवशास्त्रज्ञ ली व्हॅन व्हेलन यांनी १९७३ मध्ये मांडलेला ‘लाल राणी’चा सिद्धान्त येथे आठवतो. लुईस कॅरल यांच्या कथेतील राणीच्या राज्यात आहे त्या जागी राहण्यासाठीही सतत धावावे लागते. भक्षक आणि भक्ष्य यांची स्थिती तशीच असते; एकाची सुधारणा दुसऱ्याला नव्या सुधारणेकडे ढकलते. निर्जन पुळण टाळून ओळखीच्या नौकेच्या आडोशाने येणे ही अशीच सुधारणा होती. जीवशास्त्रात तिला आक्रमक अनुकृती म्हणतात.

हल्ल्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये सागरी सुरक्षेची एकंदर जबाबदारी नौदलाकडे सोपविण्यात आली. नौकांची नोंदणी, राज्यवार रंगसंकेत, मच्छीमारांना ओळखपत्रे आणि वीस मीटरपेक्षा लांब नौकांवर स्वयंचलित ओळख यंत्रणा असे उपाय योजण्यात आले. हे सर्व ‘ओळखीच्या खुणा’ या सदरात मोडतात. खुणेसंबंधी जीवशास्त्राचा नियम असा, की जी खूण स्वस्तात नकलता येते ती विश्वासार्ह राहत नाही. कोकिळेची अंडी कावळ्याच्या अंड्यांशी रंगाने जुळतात आणि कावळा ती उबवतो. काही यजमान पक्ष्यांत मात्र प्रत्येक मादीच्या अंड्यांवर वेगळी नक्षी विकसित झाली आहे. त्यामुळे परक्याला नक्कल करणे अवघड जाते.

नौकेचा रंग ही एका डब्यात मिळणारी खूण आहे. याउलट नौकेची बांधणी, इंजिनाचा आवाज, जाळे टाकण्याची रीत, बिनतारी यंत्रावरील बोलीचा लहेजा आणि भरतीच्या कोणत्या वेळी कोणत्या बाजूने खाडीत शिरायचे याचे भान या खुणा नकलणे फार कठीण आहे. त्या वाचण्याची क्षमता स्थानिक नाखवा आणि खलाशी यांच्याकडे असते. रायगडच्या किनाऱ्यावर डोल जाळ्यांची मासेमारी महत्त्वाची आहे. ही जाळी ठरावीक जागी लावली जातात आणि नौका पुनःपुन्हा त्याच पाण्यात परत येते. अशा मच्छीमाराला परकी नौका ओळखण्यासाठी वेगळे प्रशिक्षण लागत नाही. २००८ च्या त्या रात्री कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीजवळ उतरलेल्या तरुणांना प्रथम हटकणारे मच्छीमारच होते. उणीव होती ती त्यांच्या शंकेचे तत्काळ कृतीत रूपांतर करणाऱ्या दुव्याची.

५. विकेंद्रित संवेदन

ऑक्टोपसच्या शरीरात सुमारे ५० कोटी चेतापेशी असतात आणि त्यांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश त्याच्या आठ बाहूंमध्ये असतात. खडकाच्या कपारीत शिरलेला बाहू मेंदूच्या प्रत्येक आज्ञेची वाट न पाहता चाचपतो, चव घेतो आणि पकडतो. मेंदू उद्दिष्ट ठरवितो; तपशील बाहू ठरवितात. सॅगरिन यांच्या ग्रंथाच्या शीर्षकाचा हाच आशय आहे.

सागर सुरक्षा दल, किनारी सुरक्षेसाठीचा १०९३ आणि तटरक्षक दलाचा १५५४ हे दूरध्वनी क्रमांक, तसेच ‘सागर कवच’ हा सराव ही या दिशेने टाकलेली पावले होत. तथापि संवेदन विकेंद्रित करणे आणि प्रतिसादाचा अधिकार विकेंद्रित करणे यांत अंतर आहे. मच्छीमाराने कळवायचे, ठाण्याने वरिष्ठांना कळवायचे आणि वरिष्ठांनी दुसऱ्या खात्याला विचारायचे, ही रचना आठ बाहू असलेल्या परंतु प्रत्येक बाहूने पत्रव्यवहार करावा लागणाऱ्या प्राण्यासारखी होते. स्थानिक ठाण्याला आणि गस्ती नौकेला ठरावीक मर्यादेत स्वतःहून कृती करण्याची मुभा असणे हे विकेंद्रीकरणाचे खरे लक्षण आहे.

६. खोट्या इशाऱ्याचे मोल

१८ ऑगस्ट २०२२ रोजी हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बेवारस नौका लागली. तिच्यात तीन एके-४७ रायफली व काडतुसे आढळल्याने संपूर्ण जिल्ह्यात दक्षतेचा इशारा देण्यात आला. ‘लेडी हान’ नावाची ही नौका ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची असून जून महिन्यात ओमाननजीक इंजिन बिघडल्यावर ती सोडून देण्यात आली होती व प्रवाहाबरोबर भरकटत आली, असे त्याच दिवशी शासनाने विधिमंडळात स्पष्ट केले. जुलै २०२५ मध्ये कोर्लईसमोर रडारवर संशयास्पद नौका दिसली आणि मोठी शोधमोहीम हाती घेण्यात आली. शोधाअंती ती नौका नसून वाहत आलेला मासेमारी जाळ्याचा तरंगक असल्याचे समोर आले.

या घटनांना फजिती समजणे चुकीचे ठरेल. वैद्यक आणि उत्क्रांती यांचा संबंध अभ्यासणारे रँडॉल्फ नेसी यांनी ‘धूरसूचक तत्त्व’ मांडले आहे. खोट्या इशाऱ्याची किंमत अल्प आणि चुकलेल्या इशाऱ्याची किंमत प्राणघातक असेल, तेव्हा नैसर्गिक निवड अतिसावध यंत्रणेच्या बाजूने कौल देते. मात्र याला दुसरी बाजू आहे. मुरूड-रोहा परिसरातील फणसाड अभयारण्यासारख्या जंगलात लंगुराची हाक ऐकताच सांबर सावध होते, ते त्या हाकेच्या विश्वासार्हतेमुळे. इशारे वारंवार पोकळ ठरू लागले, तर ऐकणाऱ्याची दखल हळूहळू बोथट होते. म्हणून प्रत्येक खोट्या इशाऱ्यानंतर त्याचे कारण आणि उलगडा कळविणाऱ्यापर्यंत पोहोचविणे अगत्याचे आहे. हा शिष्टाचाराचा भाग नसून संवेदनक्षमता टिकविण्याचा उपाय आहे.

या घटनांत आणखी एक साम्य दिसते. ३१ जुलै २०११ रोजी ‘पवित’ हे ओमानजवळ सोडून दिलेले जहाज कोणाच्याही ध्यानात न येता मुंबईच्या जुहू किनाऱ्याला लागले होते. तिन्ही घटना पावसाळ्यातील आहेत. या ऋतूत वारे व प्रवाह भरकटलेल्या वस्तू किनाऱ्याकडे आणतात आणि १ जून ते ३१ जुलै या मुख्य काळात मासेमारी बंद असल्याने समुद्रावरील हजारो डोळे किनाऱ्यावर असतात. त्या काळात पुळणीलगतच्या गावांचे निरीक्षण हाच पहिला स्तर ठरतो. पहाऱ्याचे नियोजन ऋतुमानानुसार बदलले पाहिजे, हे त्यावरून स्पष्ट होते.

७. वापराविना क्षीण होणारी क्षमता

अंधाऱ्या गुहांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माशांचे डोळे नाहीसे होतात, कारण डोळा बाळगण्यास ऊर्जा खर्ची पडते आणि अंधारात त्याचा लाभ नसतो. पंधरा वर्षांतून एकदा उपयोगी पडणारी सुरक्षाव्यवस्थाही अशीच क्षीण होते. ती जिवंत राहावी असे वाटत असेल, तर तिचा दैनंदिन उपयोग असला पाहिजे.

मच्छीमाराच्या दैनंदिन चिंता वेगळ्या आहेत : इंजिन बंद पडणे, वादळ, आणि दिव्यांच्या प्रखर प्रकाशात होणारी बेकायदा मासेमारी. एलईडी दिव्यांच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीवर केंद्र शासनाने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. अशा नौकेची माहिती देणाऱ्या मच्छीमाराला प्रतिसाद मिळाला नाही, तर पुढील वेळी संशयित नौका दिसल्यावर तो यंत्र उचलेल अशी अपेक्षा बाळगता येत नाही. त्याच्या दृष्टीने दोन्ही हाका एकाच शासनाला मारलेल्या असतात. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने हेच दाखविले. वादळाची सूचना गावागावांत पोहोचविण्यासाठी आणि नौका सुरक्षित स्थळी आणण्यासाठी जे दुवे लागतात, तेच दुवे संशयास्पद नौकेची माहिती देण्यासाठी लागतात. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघर येथून आरंभ झालेली मासेमारी नौकांवर दुहेरी संदेशवहनाची उपकरणे बसविण्याची केंद्रीय योजना या दृष्टीने आश्वासक आहे. हे उपकरण नौकेवर केवळ नजर ठेवत नाही. संकटात मदतही मागू देते. लाभ उभयपक्षी असेल तरच सहजीवन टिकते.

८. साधर्म्याच्या मर्यादा

जीवशास्त्रीय दृष्टान्त तारतम्याने वापरणे आवश्यक आहे. उत्क्रांतीला हेतू नसतो आणि तिचे धडे असंख्य जीवांच्या मृत्यूतून लिहिले जातात. मानवी समाजाला ती किंमत मान्य करता येणार नाही. मानवाजवळ दूरदृष्टी, कायदा आणि नीती आहे. निसर्गात जे घडते ते योग्यच असते, असा निष्कर्ष काढण्याचे दुष्परिणाम सामाजिक डार्विनवादाच्या इतिहासात नोंदलेले आहेत.

विशेषतः ‘स्व’ आणि ‘पर’ यांतील भेदाची भाषा जपून वापरली पाहिजे. रोगप्रतिकार यंत्रणा स्वतःच्याच पेशींवर उलटली, तर शरीर रोगग्रस्त होते. किनाऱ्यावरील एखाद्या धर्माच्या, बोलीच्या किंवा परप्रांतातून आलेल्या खलाशांच्या समूहाकडे सरसकट संशयाने पाहणे हा तशाच प्रकारचा विकार आहे. तो अन्यायकारक तर आहेच, शिवाय ज्यांच्याकडून माहिती मिळावयाची त्यांनाच तो गप्प करतो. १९९३ मध्ये वाट मोकळी करून देणाऱ्यांत गणवेशातील व्यक्ती होत्या, हे विसरता येत नाही. संशयाचा निकष ओळख नसून वर्तन हाच असला पाहिजे.

९. निष्कर्ष

रायगड किनाऱ्याच्या तीन दशकांच्या अनुभवातून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, लहान बेकायदा वाटा वेळीच बंद करणे हा मोठ्या धोक्यावरील सर्वांत स्वस्त उपाय आहे. दुसरा, ओळखीच्या खुणा नकलण्यास अवघड असाव्यात, आणि अशा खुणा वाचणारे तज्ज्ञ कोळीवाड्यांत आधीपासूनच उपलब्ध आहेत. तिसरा, पहाऱ्याचे स्तर परस्परांपासून स्वतंत्र व परस्परांना दिसणारे असावेत. चौथा, माहिती देणाऱ्याला प्रतिसाद मिळणे हा व्यवस्थेचा प्राण आहे.

रडार आणि गस्ती नौका आवश्यकच आहेत. परंतु त्या खरेदी करता येतात, आणि प्रतिपक्षालाही त्यांचा अभ्यास करता येतो. पहाटे डोल जाळ्याकडे निघालेल्या नाखव्याला आपण कळविलेली गोष्ट ऐकली जाईल असा जो भरवसा वाटतो, तो खरेदी करता येत नाही. तो अनुभवाने वाढतो आणि उपेक्षेने नष्ट होतो. १९९३ मध्ये याच भरवशाचा सौदा झाला, आणि २००८ मध्ये त्याच्या अभावाची किंमत मुंबईला मोजावी लागली. तो पुन्हा उभारणे आणि जिवंत ठेवणे, हा उत्क्रांती जीवशास्त्राने या किनाऱ्याला दिलेला मुख्य धडा होय.